टाच

शारजात लोकर मिळते म्हटलं
तर सासूबाई फोनवर हसल्या.
बाहेर सत्तेचाळीस,
दाराची कडी दुपारी फडक्याने धरावी लागते,
आणि मी पडदे ओढून, एसी लावून,
चार सुयांवर छप्पन्न टाके घालून,
पाचवी हातात धरून बसलेली.

त्यांना कसं सांगायचं
की यांच्या कामाच्या जागी उणे बावीस असतं.
हमरियाला, मासळीच्या गोदामात,
जिथे सुरमई सुरमईवर आपटली
की लाकडासारखी वाजते
आणि पापणीचा केस न् केस वेगळा कळतो.
कंपनीने जॅकेट दिलं, बूट दिले, हातमोजे दिले.
पायमोज्यांचं म्हणे कागदावर आहे.

शेजारच्या झरमीनाने शिकवलं. स्वातची ती.
तिची हिंदी तिच्या डोंगरातली, माझी चिपळूणची,
पण टाके मोजायला भाषा फार लागत नाही.
दोन सुलट, दोन उलट, चार बोटं काठ.
मग पट्टे. सहा फेरे निळे, सहा हळदी.
हळदीच का, तर दुकानात
त्या जाडीचा तेवढा एकच गुंडा उरला होता.

सगळं नळीसारखं सरळ चाललेलं असतं
आणि मग टाच येते.
अर्धे टाके सुईवर गप्प बसवायचे,
उरलेल्यांवर नुसती ये-जा करायची,
मग ओळ पुरी व्हायच्या आतच मागे फिरायचं.
मला ते चुकल्यासारखंच वाटलं.
आमच्या आळीत अर्ध्यातून परतलेल्यांचं नाव
लग्नपत्रिकेत शेवटी छापतात.
"मुडो, मुडो," झरमीना म्हणत राहिली,
आणि दहा-बारा वेळा तशी परतले
तर हातात एक खळगी तयार,
लिंबू मावेल एवढी.
मी खरंच लिंबू ठेवून पाहिलं.

पहिला मोजा झाला आणि दुसऱ्यासाठी
यांना धीर धरवला नाही.
एकच घालून जायला लागले.
जेवताना सांगायचे,
"आज डाव्याची पाळी होती. उजवा चिडलाय."
मी हसायचे.
भांडी घासायला उभी राहिले की
ते हसू कुठे जायचं कळत नसे.

दुसऱ्याचे पट्टे जुळेनात.
हळदी संपत आली, म्हणून सहाचे पाच फेरे केले,
पाचाचे चार,
बोटांपाशी तर नुसताच निळा.
उसवायला घेतला तेव्हा हे म्हणाले,
"राहू दे गं. माशांना कुठे जोडी कळते!"
दोन्ही घालून फरशीवर उभे राहिले,
कपाळावर घाम, आणि खाली पाय
दोन वेगळ्या शाळांतल्या मुलांसारखे.

काल कोंबडीच्या खोक्याचा पुठ्ठा
घडी करून आणलाय.
त्यावर मार्करने पावलं काढलेली, पाच जणांची.
आत नावं, एक बंगालीत, एक मल्याळममध्ये,
बाकीची आमच्यासारख्या अक्षरांत.
एकाची रेघ तळव्याशी वेडीवाकडी,
गुदगुल्या झाल्या असाव्यात.

दिलकुमार राईच्या पावलाला बोटं चारच.
करंगळी असते तिथून रेघ
न अडखळता खाली उतरलेली.
मी विचारलं नाही,
यांनी पाणी प्यायलं, आणि तेही काही बोलले नाहीत.

सकाळी झरमीनाला पुठ्ठा दाखवला.
तिने त्या रेघेवरून नख फिरवलं, परत फिरवलं,
ओठांतल्या ओठांत मोजलं काहीतरी
आणि म्हणाली, या बाजूला
दोन टाके आधीच घटव.

उद्या दुकानात जायचं.
हळदी येणार नाही, दुसरा कुठला मिळेल तो.
आणि यांना विचारायला हवं,
सगळ्यांनी उजवाच पाय काढलाय,
दिलकुमारचा डावा कसा आहे.